मरीयेचं शुभवर्तमान वाचताना कोरी पानं कोरीच ठेवा

आधी 19 कागद घ्या, त्यांवर आकडे घाला. त्यातले 1 ते 6 आणि 11 ते 14 कोरे सोडा, ती पानं हरवली आहेत. मरीयेचं शुभवर्तमान हा बायबलबाहेरचा प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ; यातली मरीया म्हणजे येशूची शिष्या, बहुधा मग्दालेची मरीया. त्याचा कॉप्टिक, म्हणजे जुन्या इजिप्शियन भाषेतला, मजकूर उरलेल्या नऊ पानांवर मावतो. 1896 मध्ये कैरोत विकत घेतलेली ही पपायरसची पोथी आज बर्लिनला आहे. मी पहिल्यांदा भाषांतर सलग वाचलं आणि मधली चार पानं हरवल्याचं मला जाणवलंच नाही. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून हे कागद.

मूळ लिपी वाचायची असेल तर 24 ग्रीक अक्षरं आणि डेमॉटिक या जुन्या इजिप्शियन लिपीवरून आलेली सहा शिका. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मोडी वाचणाऱ्यांना याचं भय वाटणार नाही. मी आधी ‘पेजाफ’ आणि ‘पेजास’ शोधते: तो म्हणाला, ती म्हणाली. फरक शेवटच्या एका अक्षराचा. तेवढा कोपरा फाटलेला असला तर बोलणारा कोण, हे त्या शब्दावरून सांगता येत नाही. अशा जागी चौकोनी कंस घाला. अंदाजाचं अक्षर लिहिलंत तर तेही कंसातच राहू द्या.

आता दहाव्या पानावर थांबा. मरीया विचारते, दर्शन घडतं ते जिवामुळे की आत्म्यामुळे? तारणारा, म्हणजे येशू, म्हणतो, दोन्हींमुळे नाही. त्यांच्या मधोमध असलेलं मन ते पाहतं, आणि... पान संपतं. पंधराव्यावर वासना जिवाला म्हणत असते, तुला उतरताना मी पाहिलं नाही, आता चढताना पाहते आहे. जीव वर कधी निघाला, वाटेत आधी कोण भेटलं, हे सुचेल तसं लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका. तिथे चार कोरे कागद उलटा, एकेक करून.

याच शुभवर्तमानाचे तिसऱ्या शतकातले दोन ग्रीक तुकडेही मिळाले आहेत. ते कॉप्टिकच्या 9-10 आणि 17 ते 19 या पानांशी जुळतात. खिंडार भरत नाहीत. तरी ते शेजारी ठेवाच. शेवटी शिष्यांपैकी पेत्र आणि अंद्रिया मरीयेवर विश्वास ठेवत नाहीत, ती रडते, लेवी तिची बाजू घेतो. मग कॉप्टिकमध्ये ‘ते’ प्रचाराला निघतात. ग्रीकमध्ये निघतो एकटा लेवी. माझ्या एकोणिसाव्या कागदावर ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत, त्यातलं एकही खोडलेलं नाही.