डोंबिवली-कल्याण-बदलापूर पट्ट्यात घर कसं निवडावं: आधी गाडी, मग भाव, मग कागद

गेल्या वीस वर्षांत या पट्ट्यात मी स्वतःसाठी दोन घरं शोधली. नातेवाईक, ऑफिसमधली मंडळी आणि नोकरीसाठी गावाकडून आलेली पोरं यांच्यासाठी आणखी पंधरा-वीस. प्रत्येक वेळी तीच तीन वाक्यं कानावर येतात. ‘स्टेशनजवळ घे.’ ‘मेट्रो येतेय, आत्ताच घेऊन टाक.’ ‘रेरा नंबर (गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे ना, मग काळजी कसली?’ पहिलं अर्धवट आहे, दुसरं महाग पडतं आणि तिसऱ्याने माणसं देशोधडीला लागली आहेत. तुमचं बजेट, कर्जाची पात्रता आणि किती खोल्या हव्यात हे ठरलेलं आहे असं धरून पुढचं लिहितो.

१. स्टेशन निवडा, पण ऑफिसच्या खुर्चीवरून

डोंबिवली सीएसएमटीपासून सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८. आकडे पाहून डोंबिवलीच सोयीची वाटते. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत मात्र किलोमीटरपेक्षा गाडी कुठून सुटते याला जास्त किंमत असते. कर्जत, कसारा, बदलापूरहून भरत आलेली जलद लोकल डोंबिवलीत लागते तेव्हा दारात पाय ठेवायलाही जागा नसते. त्यामुळे डोंबिवलीचे कितीतरी लोक आधी उलटे कल्याणला जातात आणि बसून परत येतात. ज्याच्या वेळेला बदलापूर किंवा अंबरनाथहून सुटणारी गाडी जुळते, तो गाडीत जास्त वेळ असतो, पण बसलेला असतो. चाळिशीनंतर कमरेला हा फरक कळतो.

हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. तुमच्या वेळेच्या गाडीत आत शिरायला मिळत नसेल, तर त्या स्टेशनवरचं स्वस्त घर मला स्वस्त वाटत नाही.

ऑफिस कुठे आहे त्यावरही गणित फिरतं. अंधेरीला जाणाऱ्याने घाटकोपरला मेट्रोसाठी उतरणं धरून मोजावं. ऐरोली-घणसोलीवाल्याने ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी बदलणं धरावं. महापेवाल्याने कल्याण-शीळ रस्त्याचा भरवसा धरू नये.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. ओळखीच्या कुणाकडे चार दिवस राहा आणि कामाच्या दिवशी तुमच्या वेळेला जाऊन-येऊन बघा, शक्यतो जुलैत. तीन वेळा वेगळ्या लिहा: घराच्या दारापासून फलाटापर्यंत, फलाटापासून उतरेपर्यंत आणि तिथून खुर्चीपर्यंत. संध्याकाळची वेळ आवर्जून मोजा. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ ही मोकळ्या रस्त्यावरची असतात. रात्री आठला पावसात शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिलात की खरा आकडा कळतो. माझं मत ठाम आहे: वीस मिनिटं चालत जाता येणारं घर पाच मिनिटांच्या रिक्षाच्या घरापेक्षा चांगलं. पायांना रांग लागत नाही.

२. पूर्व की पश्चिम

मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर आणि तुमचं घर रुळांच्या एकाच बाजूला ठेवा. २०१९ ते २०२१ डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल बंद होता, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी काय भोगलं ते मी बघितलं आहे.

३. भाव: पोर्टलवरचा सोडा, नोंदलेला बघा

मालमत्तेच्या संकेतस्थळांवर दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडतो. तिथे सूची क्रमांक २, म्हणजे सगळे म्हणतात तो इंडेक्स टू, उघडता येतो. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. करारात लिहिलेली खरेदीची रक्कम ती मोबदला. बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरने काढलेली सरकारी किंमत.

इथे बहुतेक जण अडतात आणि सोडून देतात, कारण गावाच्या रकान्यात ते ‘डोंबिवली’ शोधत बसतात. शोध चालतो महसुली गावाच्या नावाने: आयरे, गजबंधन-पाथर्ली, ठाकुर्ली, चोळे, नवागाव. बदलापूर पूर्वेला कुळगाव. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर विक्रेत्याच्या जुन्या करारनाम्यात मिळतात. त्याच इमारतीतले किंवा शेजारचे गेल्या वर्षभरातले पाच-सहा व्यवहार काढा आणि मोबदल्याला चटई क्षेत्राने, म्हणजे कार्पेटने (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेने) भागा. ‘सेलेबल’ की काय म्हणतात त्या क्षेत्राने भागू नका, त्याला कायद्यात अर्थ नाही. आलेला आकडा दलालासमोर कागदावर ठेवा. त्यानंतरचं बोलणं वेगळं होतं.

मग भाडं बघा. त्याच सोसायटीतल्या तशाच घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या अडीच टक्क्यांच्याही खाली असेल, तर मी सरळ भाड्याने राहायला सांगतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये ती जागा मानवते की नाही हेही कळतं.

येऊ घातलेल्या गोष्टींचे पैसे देऊ नका. डोंबिवलीहून खाडीपलीकडे जाणारा मोठागाव-माणकोली पूल कितीतरी वर्षं जाहिरातींत होता, गाड्या धावल्या २०२४ मध्ये. मधल्या काळात त्या नावाखाली जास्त पैसे मोजलेल्यांनी हप्ते भरले आणि वळसेही घातले. कल्याणकडे येणाऱ्या मेट्रोंची कामं चालू आहेत, ती पूर्ण व्हावीत अशी माझीही इच्छा आहे. तरी भाव आजच्या रस्त्याचा द्यावा.

४. बांधकाम परवानगी: इथे घाई केलीत तर सगळं गेलं

२०११ मध्ये कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावात मी घर पसंत केलं होतं. नवी चार मजली इमारत, हवेशीर, भाव डोंबिवलीच्या पाऊणपट. बिल्डरने बांधकाम परवानगी दाखवली. सरपंचाची सही, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. मी साठ हजारांचं टोकन दिलं. पुढच्या आठवड्यात ओळखीच्या एका निवृत्त भूमापकांना तो कागद दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “या तारखेला, या सर्व्हे नंबरवर परवानगी द्यायचा अधिकार कुणाला होता?” मला उत्तर देता आलं नाही. ते साठ हजार परत मिळाले नाहीत. पण तेव्हापासून मी प्रत्येक घरासाठी आधी हाच प्रश्न विचारतो आणि तुम्हीही विचारा.

या भागात त्याचं उत्तर सर्व्हे नंबरागणिक बदलतं. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा २७ गावं तिच्यात होती. २००२ मध्ये ती बाहेर गेली. मधल्या काळात तिथल्या नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आले आणि २०१५ मध्ये गावं पुन्हा महापालिकेत आली. एमआयडीसीच्या (औद्योगिक विकास महामंडळाच्या) जमिनीवर परवानगी देते एमआयडीसी. त्यामुळे कागदावर परवानगी कुणाची आणि तारीख कुठली, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. त्या काळातली, त्या गावांतली, बहुमजली इमारतीची ग्रामपंचायतीची परवानगी समोर आली तर तिथून उठा. चहाही घेऊ नका.

दुसरी गोष्ट रेरा नंबराची. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा क्रमांक हवाच, ठाणे जिल्ह्याचे जुने क्रमांक पी ५१७०० ने सुरू होतात. पण तो क्रमांक म्हणजे इमारत कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्या कुटुंबांनी दागिने मोडून, भविष्यनिर्वाह निधी काढून ती घरं घेतली, त्यांचा दोष एवढाच की त्यांनी क्रमांकावर विश्वास ठेवला. ही माणसं आठवली की अजून पोटात तुटतं. म्हणून मी इतकं ठासून सांगतो आहे.

तर करायचं काय? महारेराच्या संकेतस्थळावरून बिल्डरने चढवलेली बांधकाम परवानगी उतरवून घ्या. तिच्यावर जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो. ती प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि हा जावक क्रमांक तुमच्या नोंदवहीत आहे का, याच जागेचा आहे का, एवढंच विचारा. बिल्डरचा माणूस सोबत येतो म्हणाला तरी नेऊ नका. तोंडी उत्तर टाळलं जात असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घर तीस वर्षांचं कर्ज काढून घ्यायचं असतं, तीस दिवस थांबा. ‘साहेब, दुसरी पार्टी तयार आहे’ असं कुणी म्हणालं तर त्या पार्टीला घेऊ द्या.

त्याच फेरीत त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. रस्त्याचं, बागेचं किंवा शाळेचं आरक्षण असेल तर त्यात दिसतं. सातबारा ऑनलाइन काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटपर्यंत वाचा. कुळ, बोजा, न्यायालयातला दावा, गुरचरण अशा नोंदी तिथे सापडतात.

मग इमारतीसमोर उभे राहा आणि मजले मोजा. परवानगी तळ अधिक चारची आणि डोळ्यांसमोर सात मजले, असं मी तीनदा पाहिलं आहे. तिन्ही वेळा घेणारा सहाव्या मजल्यावरच्या हवेच्या प्रेमात होता. राहती इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) मागा आणि त्यात तुमचा मजला आहे का ते वाचा.

आता ज्या चार गोष्टी पुरावा म्हणून पुढे केल्या जातात, त्यांच्याबद्दल. घरपट्टीची पावती: कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. वीजमीटर: तो वापराचा असतो, परवानगीचा नव्हे. नोंदणीकृत करारनामा: दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, इमारत तपासत नाहीत. बँकेचं कर्ज: पाडायचा आदेश झालेल्या इमारतींतही गृहकर्जं दिलेली होती. बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल जरूर मागा, पण स्वतःचा वकील वेगळा करा. त्याची फी वाचवू नका.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बंदी आहे. तीस टक्के मागणारा बिल्डर तिथेच बाद.

५. पाणी, पूर, कारखाने

पाण्याबद्दल घरमालकाला विचारू नका, सोसायटीचा मे महिन्याचा टँकरचा खर्च बघा. बदलापूर-वांगणीकडे उल्हास नदीची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुलै २०१९ मध्ये तिथेच महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत मी फुकटही राहणार नाही. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ अशा दोन वेळा भीषण स्फोट झाले, म्हणून रासायनिक कारखान्यांपासूनचं अंतर चालत मोजा.

६. जुनी इमारत घेत असाल तर

तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल बघा आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते विचारा. अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी मूळ जमीनमालक दारात उभा राहतो. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग आहे, पण तो अर्ज सोसायटीने केलेला असेल तरच त्याला किंमत द्या.

७. नोंदणीच्या दिवशी

नावाचं स्पेलिंग, सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र आणि सर्व्हे नंबर हे सगळं सही करण्याआधी, निबंधक कार्यालयातच, पडद्यावर वाचा. मागे पन्नास माणसं उभी असली तरी वाचा. नंतर चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्रासाठी विक्रेत्यालाही पुन्हा सहीला आणावं लागतं. माझ्या मावसभावाचा विक्रेता तोवर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि सदनिका ३०२ ऐवजी २०३ नोंदली गेली होती. ते निस्तरायला चौदा महिने गेले.