गावच्या डागडुजीला निघताना: करवतींची तयारी

मे महिन्यात आठ दिवस कोकणातल्या घरी जायचं आणि पावसाआधीची डागडुजी उरकायची, असं ठरलं की पहिली चूक हार्डवेअरच्या दुकानात होते. "एक चांगली करवत द्या," म्हणतो आणि जी मिळेल ती घेऊन येतो. त्याआधी घरी फोन लावा आणि काय काय कापायचंय ते कागदावर उतरवून घ्या. आमच्या कागदावर यंदा खिडकीच्या झडपेची कुजलेली खालची पट्टी, माळ्यासाठी दोन फळ्या, पीव्हीसीची पन्हळ, न्हाणीघराच्या दाराचा गंजलेला बोल्ट आणि कौलांवर टेकलेली फणसाची फांदी आहे. कामं पाच, करवती चार. पन्हळ आणि बोल्ट एकाच हेक्सॉवर, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीवर होतात, पातं तेवढं बदलायचं.

फळ्यांपासून सुरुवात करू, कारण दातांचं गणित तिथेच कळतं. लाकूड रेषेच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या दिशेने उभं चिरणं आणि रेषेला आडवं कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. उभ्या चिरणीच्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे सरळ घासलेले असतात, इंचाला चार ते सहा. ते लाकूड खरवडत जातात. आडव्या कापाच्या करवतीचे दात तिरपे घासून सुरीसारखे केलेले असतात, इंचाला आठ-दहा. ते आधी रेषा तोडतात आणि मग भुसा बाहेर काढतात. आडव्या कापाची करवत घेऊन सागाची सहा फुटी फळी उभी चिरायला बसलात तर दुपार जाईल आणि खांदाही. म्हणून उभी चिरणी वखारीतच मशीनवर करून घ्या, मापं आधीच कळवा, आणि सोबत फक्त आडव्या कापाची, 22 ते 26 इंची करवत न्या. सागात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. प्लायवूडमधला गोंदही पात्याला तसाच खातो. प्लाय कापायचा असेल तर रेघेवर चिकटपट्टी लावा, नाहीतर वरचा पापुद्रा उचकटतो.

विकत घेताना दातांचं टोक निळसर-काळं दिसतंय का ते बघा. तसं असेल तर दात तापवून कडक केलेले आहेत. ते बराच काळ टिकतात, पण गेले की गेले, कानस त्यावरून नुसती घसरते. साध्या पोलादाची करवत घेतलीत तर तिकोनी कानस यादीत लिहा. करवत उलटी धरून पात्याच्या कडेने डोळा लावून पाहा: एक दात डावीकडे, एक उजवीकडे असा हलका वळलेला दिसला पाहिजे. त्या वळणामुळेच चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत अडकत नाही.

झडपेच्या पट्टीला मात्र ही करवत नको. तिथे चौकटीच्या भोकात बसणारा कुसू काढायचा असतो, आणि कुसू अर्धा मिलिमीटर चुकला तरी झडप जन्मभर डुगडुगते. त्यासाठी टेनन सॉ: 10 ते 14 इंच लांब, इंचाला बारा-चौदा दात, आणि वरच्या कडेला पितळेची किंवा पोलादाची जाड पट्टी. त्या पट्टीमुळे पातं वाकत नाही. पण तिच्याचमुळे करवत ठरावीक खोलीपलीकडे उतरत नाही, हेही ध्यानात ठेवा. सोबत गुण्या, टोकदार पेन्सिल आणि दोन सी-क्लॅम्प हवेतच. क्लॅम्प विसरलात तर पायाखाली लाकूड दाबून कापावं लागतं. सुतारांना ते जमतं, आपल्याला जमेलच असं नाही. जमिनीवर बसून काम करणाऱ्याला जपानी रियोबा करवत आवडेल. ती ओढताना कापते, म्हणून पातं पातळ असतं. एका कडेला उभ्या चिरणीचे दात, दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे. महाग आहे, आणि लाकडात खिळा लागला की दात तुटतात. जुन्या घरात खिळे कुठे असतील याचा नेम नसतो, त्यामुळे मी ती शहरातच ठेवतो.

वळणदार नक्षीची पट्टी करायची असेल तरच कोपिंग सॉ घ्या, नाहीतर नको.

हेक्सॉची चौकट 12 इंची पात्याची घ्या. दुकानात 'एक्सा ब्लेड' म्हणालात तरी मिळेल, फक्त दात किती ते सांगा. नियम असा की कापताना धातूच्या जाडीवर किमान तीन दात टेकले पाहिजेत. बोल्टसारख्या भरीव लोखंडाला इंचाला 18 दातांचं पातं ठीक. 3 मिमी जाडीच्या पाइपला किंवा पन्हळीला 24. पातळ पत्र्याला 32. दातांची टोकं मुठीपासून पुढे असावीत, पात्यावर बाणही असतो. पुढे ढकलताना दाब द्या, मागे घेताना सोडा. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात. प्रत्येक जातीची दोन-दोन जास्तीची पाती घ्या. अर्ध्या कापात पातं तुटलं तर नवीन पातं त्याच चिरेत घालू नका. जुनं झिजून अरुंद झालेलं असतं, नवं तिथे अडकून लगेच मोडतं. बोल्ट फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

फांदीसाठी घडीची, वाकड्या पात्याची, मोठ्या दातांची करवत. फणसाचा चीक पात्याला धरतो, म्हणून खोबरेलाची बाटली आधी पिशवीत टाका. हाताला आणि पात्याला दोन्हीला लावायचं. खोडापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश काप द्या, मग थोडं बाहेर वरून कापा, आणि उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर काढा. एकाच वरच्या कापात फांदी पाडायला गेलात तर ती साल ओढत खाली येते. तारेजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवा, स्वतः हात लावू नका. आणि हेच काम शहरातल्या सोसायटीत काढलंत तर 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे; आधी महापालिकेत चौकशी करा.

एसटीत करवती न्यायच्या तर जुन्या पीव्हीसी पाइपला उभी चीर पाडून ती दातांवर चढवा आणि वरून रबर लावा. परतायच्या आदल्या दिवशी पाती कोरडी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवा. खोबरेल नको, ते साठवणीत चिकट होतं. हेक्सॉचा नट दोन फेरे सैल करा आणि सगळ्या करवती मागच्या पडवीत नव्हे, चुलीच्या बाजूच्या भिंतीला टांगा. पडवीत श्रावणापर्यंत गंज चढतो.