‘व्हील ऑफ टाइम’च्या थिअऱ्या मांडताय? या चुका टाळा

शेवटच्या खंडापर्यंतची सगळी रहस्यं खाली उघड केली आहेत. मालिका अर्धवट वाचली असेल तर इथेच थांबा.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या या कल्पनारम्य कादंबरी-मालिकेचा पहिला खंड १९९० साली आला आणि चौदावा २०१३ साली. जॉर्डन २००७ मध्ये गेले. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले. इतकी वर्षं वाचक दोन खंडांच्या मधल्या काळात एकच काम करत होते: कोण खरा कोण आहे आणि कुणाच्या मनात नेमकं काय आहे, याचे अंदाज बांधणं. आता उत्तरं छापलेली आहेत. कोणती थिअरी टिकली, कोणती पडली आणि का पडली, हे तपासता येतं. अपुऱ्या राहिलेल्या मालिकांच्या वाचकांना हे भाग्य नाही. म्हणूनच नवे वाचक त्याच जुन्या चुका करताना दिसले की मला वाईट वाटतं.

दोन नाकं सारखी दिसली की एकच माणूस ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘ताईम हाच डेमँड्रेड’ ही थिअरी.

१९९४ च्या ‘लॉर्ड ऑफ केऑस’ या सहाव्या खंडाची सुरुवात फॉरसेकनपैकी, म्हणजे दुष्टशक्तीचा स्वामी असलेल्या डार्क वनच्या बलाढ्य सेवकांपैकी, डेमँड्रेड त्या डार्क वनसमोर उभा राहतो तिथून होते. थोड्याच वेळात मॅझ्रिम ताईम हा जादू वापरू शकणारा पुरुष कथानायक रँडकडे येऊन माफी स्वीकारतो. दोघांची नाकं बाकदार. दोघांनाही मनापासून हसता येत नाही. या जगात जादूची शक्ती वापरणारे पुरुष वेडे होतात, पण वर्षानुवर्षं ती वापरूनही ताईम वेडा झालेला नाही. तो ‘हे तथाकथित आएल’ असं बोलून जातो, आणि वाळवंटातले लढवय्ये आएल लोक एके काळी शस्त्राला हात न लावणारे होते हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच तोंडी असं वाक्य शोभतं. शेवटी ताईमची माणसं रँडला सोडवतात, आणि लगेच डेमँड्रेड डार्क वनला विचारतो की मी चांगलं काम केलं ना?

पुरावा भरभक्कम दिसतो. आमच्या वाचनगटातल्या एका मित्राने त्यावर अख्खी वही भरली होती. मी त्याला एकच प्रश्न विचारत असे: पुढच्या खंडात कोणतं वाक्य आलं तर तू ही थिअरी सोडशील? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ताईम डेमँड्रेडसारखा वागला तर तो पुरावा, आणि वेगळा वागला तर ‘तो मुद्दाम लपवतोय’, म्हणजे तोही पुरावाच. ताईम म्हणजे डेमँड्रेड नाही, असं खुद्द जॉर्डन यांनी सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, लेखक आपल्याला चकवतोय. मग शेवटचा खंड आला आणि त्यात डेमँड्रेड शाराचं सैन्य घेऊन रणांगणात उतरला. आएलांच्या वाळवंटापलीकडचा हा देश सुरुवातीच्या खंडांपासून उल्लेखात होता, पण कथा तिथे कधी गेलीच नव्हती, म्हणून आम्हा बहुतेकांच्या हिशेबात तो नव्हता. यावर मित्राचं म्हणणं असं की सँडरसन यांनी ऐनवेळी बदल केला. वही त्याने अजून ठेवली आहे.

त्या वहीतले पुरावे खोटे नव्हते. ताईम खरोखरच डार्क वनच्या बाजूचा निघाला, आणि शेवटी ‘म्हेल’ या नावाने निवडलेल्यांच्या, म्हणजे फॉरसेकनच्याच, पंगतीत जाऊन बसला. ‘तथाकथित आएल’ हे शब्द त्याने आपल्या मालकांकडूनच उचलले असावेत, असं मला वाटतं. पुरावा एवढंच सांगत होता की हा माणूस शत्रूकडचा आहे. ‘हा माणूस दुसराच आहे’ हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. ती उडी वाचकांनी स्वतः मारली.

माझी सवय अशी की थिअरी लिहायला घेतली की पानाच्या माथ्यावर आधी ती कशाने मोडेल ते लिहायचं. त्याखाली संशयित कोणत्या प्रकरणात कुठे होता आणि तेव्हा त्याला कोण पाहत होतं, याची यादी करायची. याला वेळ लागतो. पण बहुतेक थिअऱ्या या यादीतच विरघळतात आणि चारचौघांत वाद घालायची वेळ येत नाही.

ओळख कळली म्हणजे हेतूही कळला, असं धरणं

व्हेरिनच्या बाबतीत हे सगळ्यांकडून झालं. व्हेरिन आएस सेडाई, म्हणजे जादू वापरणाऱ्या स्त्रियांच्या संघातली. या स्त्रिया तीन शपथांनी बांधलेल्या असतात आणि पहिली शपथ असत्य शब्द न बोलण्याची. दुसऱ्या खंडात व्हेरिन सांगते की मोइरेनने (दुसऱ्या एका आएस सेडाईने) मला पाठवलं. पुढे कळतं की मोइरेनने तिला पाठवलंच नव्हतं. याचा सरळ अर्थ असा की व्हेरिनवर ती शपथ चालत नाही, आणि शपथ न चालणाऱ्या आएस सेडाई ब्लॅक आजाहच्या, म्हणजे डार्क वनला गुपचूप वाहिलेल्या गटाच्या. इथपर्यंत तर्क बरोबर आहे, आणि ज्यांनी तो नुसत्या वाचनावर केला त्यांचं मला खरोखर कौतुक आहे.

पण इथून दोन तट पडले. एका गटाने ठरवलं की ती दुष्ट आहे आणि ऐनवेळी सगळ्यांना बुडवणार. दुसऱ्याला ती इतकी आवडत होती की त्याने ते वाक्य लेखकाची चूक मानून बाजूला सारलं. २००९ च्या ‘द गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये दोघेही चुकले. व्हेरिन ब्लॅक आजाहचीच होती, आणि आत राहून ती अनेक दशकं त्यांचा अभ्यास करत होती. तिथल्या शपथेत ‘माझ्या मृत्यूच्या घटकेपर्यंत’ विश्वासघात करणार नाही असे शब्द होते. म्हणून तिने विष घातलेला चहा पिऊन ती घटका स्वतः आणली, आणि त्या गटातली सगळी नावं लिहिलेली वही एग्वेन या नायिकेच्या हाती दिली. मालिकेतलं माझं सर्वात लाडकं प्रकरण हेच. ‘ती कोण आहे’ आणि ‘तिला काय हवं आहे’ हे दोन प्रश्न दोन वेगळ्या पानांवर लिहा. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पानावर उतरवू नका. आणि कुणी शपथ घेत असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा.

सर्वात धक्कादायक खुनी शोधणं

१९९३ च्या ‘द फायर्स ऑफ हेवन’च्या शेवटी केमलिन या राजधानीतल्या राजवाड्यात फॉरसेकनपैकीच अ‍ॅस्मोडियन एक दार उघडतो, ‘तू?’ म्हणतो आणि मरतो. पुढची कित्येक वर्षं संशयितांच्या यादीत मेलेले, हरवलेले, कथेशी संबंध नसलेले आणि एक घोडीसुद्धा होती. खुनी ग्रेंडाल ही दुसरी फॉरसेकन निघाली. त्याच खंडाच्या सुरुवातीला ती राहविन या आणखी एका फॉरसेकनच्या केमलिनमधल्या राजवाड्यात बसून इतरांबरोबर रँडविरुद्ध कट रचताना दिसते. जागा माहीत, हेतू उघड. पण हे उत्तर कुणाला पुरेसं गंमतीचं वाटलं नाही. ते स्पष्ट शब्दांत छापलं गेलं २०१० च्या ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’च्या शेवटी, शब्दसूचीत. शब्दसूची न वाचता खंड मिटणाऱ्यांनी पुढेही वाद चालूच ठेवला.

थोडक्यात आणखी काही

पात्राने स्वतःबद्दल सांगितलेलं खरं मानू नका. बाल्झॅमॉन स्वतःला डार्क वन म्हणवतो, आणि तो असतो इशामाएल हा फॉरसेकन.

टीव्ही मालिकेतले प्रसंग पुस्तकांच्या थिअरीला पुरावा म्हणून लावू नका. ती वेगळी कथा आहे.

भविष्यवाणीतला ‘तो’ तुमच्या आवडत्या पात्रावर बसतो, एवढ्यावर थांबू नका. आणखी कुणाकुणावर बसतो तेही पाहा.

मधले खंड संथ आहेत म्हणून सारांश वाचून पुढे जाऊ नका. याबाबतीत मी ऐकून घेणार नाही. सारांश लिहिणारा त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच ठेवतो, आणि लेखकाने लपवलेलं नाव नेमकं त्याला बिनमहत्त्वाचं वाटलेलं असतं. डॅनेल ही ब्राउन आजाहची (आएस सेडाईंच्या अभ्यासू गटाची) कुणाच्या नजरेत न भरणारी बाई चौथ्या खंडात टॉवरमधल्या, म्हणजे आएस सेडाईंच्या मुख्यालयातल्या, सत्तांतराच्या वेळी सत्ता बळकावणाऱ्या एलायडाच्या बाजूला उभी असते. टॉवरमध्ये लपलेली फॉरसेकन मेसाना तीच, हे तेराव्या खंडात कळतं. मधलं गाळून तिथे पोचलेले वाचक आधी विचारतात, डॅनेल कोण?