वर्दी आल्यावर कोण काय करतं: अग्निशमन दलात किंवा १०८ वर येऊ पाहणाऱ्यांसाठी

अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करणारी मुलं भेटली, की पहिला प्रश्न उंची-छातीचा आणि दुसरा पगाराचा असतो. दल चालतं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी गोंधळ उडतो तो मात्र तिथेच. गाडीवर हुकूम कुणाचा, पाणी संपत आलं तर कुणाला सांगायचं, जखमी माणूस कुणाच्या हवाली करायचा, हे प्रशिक्षणात शिकवतात, पण कानावरून जातं. मी महापालिकेच्या दलात फायरमन म्हणून लागलो आणि पुढे अधिकारी झालो. केंद्रातून ही सगळी रचना जशी दिसते, तशी सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पोलिसांसारखं अख्ख्या महाराष्ट्राचं मिळून एक अग्निशमन दल नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत गेली. त्यामुळे मुंबईचं दल बृहन्मुंबई महापालिकेचं, पुण्याचं पुणे महापालिकेचं आणि तालुक्याच्या गावचं नगरपरिषदेचं. नगरपरिषदेत कधी कधी एकच गाडी आणि बोटावर मोजण्याइतकी माणसं असतात. एमआयडीसीची केंद्रं वेगळी, विमानतळाचं दल वेगळं, रिफायनरीचं आणखी वेगळं. राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, त्याचं कार्यालय आणि प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला. पण तुमचा पगार, रजा, बढती हे सगळं महापालिकेच्या हातात. मुख्य अग्निशमन अधिकारी आयुक्तांना जबाबदार. म्हणजे बदली झाली तरी केंद्र बदलतं, शहर बदलत नाही. घर सांभाळून नोकरी करायची असेल तर हे सोयीचं आहे. मात्र दल लहान असेल तर वरच्या जागाही मोजक्याच, आणि फायरमन म्हणून लागलेला माणूस फायरमन म्हणूनच निवृत्त झालेला दिसतो.

१०८ च्या रुग्णवाहिकेचं घर निराळं. ती सेवा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली: २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाचा मॉनिटर असलेल्या, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. गाड्या ठेकेदार चालवतो, त्यामुळे तिथली नोकरी कंत्राटी. आपल्याकडे या गाडीवर डॉक्टर असतो, बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, आणि चालकाला तिथे पायलट म्हणतात. गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे, ती याहून वेगळी. काही महापालिकांच्या अग्निशमन दलांकडे स्वतःच्या रुग्णवाहिकाही असतात, पण मोठा भार १०८ वरच आहे. अमेरिकेत बऱ्याच शहरांत आग विझवणारा माणूसच प्रशिक्षित ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवरचा तातडीचे उपचार करणारा माणूस, असतो. आपल्याकडे दोन छपरांखाली दोन सेवा आहेत. माझ्या मते ही आपली मोठी उणीव आहे, कारण घटनास्थळी दोघांची गाठ पडते तेव्हा एकमेकांची कामाची पद्धत माहीत नसते.

आता वर्दी. आम्ही कॉलला वर्दीच म्हणतो. १०१ वर फोन येतो तो नियंत्रण कक्षात. ११२ वर केला तर तिथून आमच्याकडे वळवला जातो. फोन घेणाऱ्या माणसाला नवी मुलं कमी लेखतात. तसं करू नका. समोरचा माणूस ओरडत असतो, पत्ता अर्धवट सांगतो, फोन ठेवून देतो. त्यातून कक्षातल्या माणसाला तीन गोष्टी काढून घ्यायच्या असतात: नेमकं ठिकाण आणि जवळची खूण, जळतंय काय, आणि आत कुणी अडकलंय का. चौथी मिळाली तर उत्तम, ती म्हणजे कितवा मजला. या उत्तरांवर ठरतं की नुसता वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याची टाकी आणि पंप असलेला बंब, पाठवायचा, सोबत शिडीची गाडी द्यायची, की रेस्क्यू व्हॅन. मोठी वर्दी असेल तर त्याच वेळी पोलिस, वीज कंपनी आणि १०८ यांना कळवणं हेही कक्षाचंच काम. आमच्या दलात एक जुने ऑपरेटर होते, ते फोन ठेवायच्या आत हाताने शेजारच्या केंद्राची घंटी दाबायचे. गल्लीबोळांचा असा माहीतगार मी दुसरा पाहिला नाही.

गाडीवर पदांची उतरंड असते. पुण्यासारख्या ठिकाणी फायरमनच्या वर तांडेल, मग सब ऑफिसर, मग स्टेशन ऑफिसर, त्यावर विभागीय अधिकारी, उपमुख्य आणि मुख्य. काही महापालिकांत फायरमनला अग्निशामक विमोचक म्हणतात, मुंबईत अग्निशामक. नाव काहीही असो, गाडीवरच्या सगळ्यात वरिष्ठ माणसाचा शब्द शेवटचा. दुसरी गाडी आली आणि तिच्यावर अधिक वरिष्ठ अधिकारी असला, तर पहिला अधिकारी त्याला परिस्थिती सांगून सूत्रं सोपवतो. हे सोपवणं तोंडी आणि स्पष्ट व्हायला हवं, नाहीतर एकाच आगीवर दोन मेंदू चालतात.

पाण्याचा हिशेब सांगतो, कारण पुढची बरीचशी रचना त्यातून कळते. साध्या वॉटर टेंडरमध्ये साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. एक ब्रांच, म्हणजे होजच्या (पाइपच्या) टोकाची तोटी, मिनिटाला ४५० लिटर फेकते असं धरा. दहा मिनिटांत टाकी रिकामी! दोन ब्रांच लावल्या तर पाच मिनिटांत. म्हणून पहिली गाडी पाणी मारत असतानाच अधिकारी टँकर मागवतो, आणि चालक-यंत्रचालक पंपाशी उभा राहून प्रेशरच्या काट्यावर आणि टाकीच्या पातळीवर नजर ठेवतो. तो तिथून हलत नाही. आत होज धरून असलेल्या मुलांचा जीव त्याच्या हातात असतो. हायड्रंट, म्हणजे गाडी भरून घ्यायचा नळ, कुठे आहे, कुठल्या सोसायटीची भूमिगत टाकी भरलेली असते, तिथपर्यंत गाडी जाते का, हे आपल्या हद्दीपुरतं तुम्हाला पाठ हवं. मी नव्या मुलांना सुट्टीच्या दिवशी दुचाकीवरून हद्द फिरून यायला सांगतो. मुलं कुरकुरतात, पण पहिल्या मोठ्या वर्दीनंतर एकही कुरकुरत नाही.

असाच हिशेब श्वासाचा. धुरात जाताना पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क, असतो. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरलेला, म्हणजे दोन हजार लिटरच्या आसपास हवा. बेताच्या कामात ती पाऊण तास पुरेल. पण जिने चढताना, माणूस ओढताना श्वास दुप्पट लागतो आणि हातात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं उरतात. त्यात बाहेर यायचा वेळही धरायचा. म्हणून आत जायचं ते जोडीने, आणि बाहेर एक माणूस पाटी घेऊन उभा: कोण गेलं, किती वाजता, किती प्रेशरवर. हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागल्यावर परत फिरायचं नसतं, शिट्टी वाजायच्या आत बाहेर असायचं असतं. पाटी धरायचं काम मिळालं म्हणून तोंड पाडणारा मुलगा दर बॅचला एक तरी निघतो. त्याला मी सगळ्यात आधी तेच काम देतो.

आग वाढली की मुंबईत तिला क्रमांक देतात. पहिल्यापासून चौथ्या क्रमांकापर्यंत आणि त्यावर ब्रिगेड कॉल. क्रमांक वाढवला, की किती गाड्या निघायच्या आणि कुठल्या हुद्द्याचा अधिकारी यायचा, हे आपोआप ठरतं. बातमीत ‘तिसऱ्या क्रमांकाची आग’ म्हणतात ते यावरून.

दोन सेवा एकत्र कशा चालतात ते अपघातात सगळ्यात नीट दिसतं. महामार्गावर ट्रकला मागून धडकलेली कार, चालकाचे पाय डॅशबोर्डखाली. आमची मुलं हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडर घेऊन दार उघडायला धावतात. त्याआधी गाडी हलणार नाही अशी टेकू देऊन बसवायची, बॅटरीची वायर काढायची, सांडलेल्या इंधनावर नजर ठेवायला एक माणूस होज घेऊन उभा करायचा. एवढ्यात १०८ येते. अशा एका वर्दीत मी पाहिलं, डॉक्टरीणबाई मागच्या काचेतून आत शिरल्या, जखमीची मान दोन्ही हातांनी धरली आणि ओरडल्या, ‘मी सांगेपर्यंत पाय मोकळे करू नका.’ आमचा एक मुलगा हिरमुसला, कारण त्याचा स्प्रेडर लागलेला होता आणि दोन मिनिटांत काम होणार होतं. पण बाईंचं बरोबर होतं. बराच वेळ दाबलेला पाय एकदम सोडला तर रक्तस्राव उसळू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो. त्यांनी सलाइन लावलं, मानेला कॉलर चढवली, मग मान हलवून खूण केली. वाहनाचा ताबा आमचा, माणसाच्या शरीराचा ताबा त्यांचा, गर्दी आणि रस्ता पोलिसांचा. हे ज्याला कळलं त्याचा कुणाशी वाद होत नाही.

वीजवाहिनी तुटलेली असेल तर वीज कंपनीचा माणूस ‘लाइन बंद आहे’ असं सांगेपर्यंत हात लावायचा नाही, मग वरून कुणीही कितीही घाई करो.

आगीच्या वर्द्या एकूण कामाचा एक भाग. झाडपडी, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, लिफ्टमध्ये अडकलेले लोक, आतून कडी लागून कोंडलेलं मूल, विहिरीतलं जनावर, मांज्यात अडकलेली घार, हे रोजचं. शिवाय टेबलावरचं काम. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. अधिकारी झालात तर नकाशे वाचणं, ना-हरकत दाखले आणि तपासण्या यांतच निम्मा दिवस जाईल. दबावही तिथेच येतो. ज्यांना फक्त सायरनची ओढ आहे त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

आत यायच्या वाटा थोडक्यात. फायरमनसाठी बहुतेक महापालिका दहावीसोबत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागतात. मुंबई बारावीनंतर घेते आणि स्वतः शिकवते, पण मैदानी चाचणी कडक असते. धावणं, ५० किलोची मानवाकृती खांद्यावर नेणं आणि १९ फुटांवरून जंपिंग शीटवर उडी. सब ऑफिसरसाठी पदवी आणि नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा पाठ्यक्रम. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात फायर इंजिनीअरिंगची पदवीही करता येते. चालक-यंत्रचालकासाठी जड वाहनाचा परवाना हवा, आणि फायरमननेही तो काढून ठेवावा असं मी म्हणेन. खासगी संस्थांच्या ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमाच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. कारखान्यात सेफ्टीची नोकरी मिळवायला त्याचा उपयोग होईलही, पण महापालिकेच्या जाहिरातीत ज्या संस्थेचं नाव छापलंय तिचंच प्रमाणपत्र लागतं. फी भरण्याआधी तुम्हाला हव्या त्या शहराची मागची जाहिरात काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना शब्दन् शब्द वाचा.

फॉर्म भरायच्या आधी केंद्र आतून बघायचं असेल तर एप्रिलमध्ये जा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवसांत प्रात्यक्षिकं असतात, केंद्रातली माणसं बोलायला तयार असतात. बंबाचे फोटो काढून झाले की यंत्रचालकाला गाठा आणि पंप चालू करून दाखवा म्हणा. मग नियंत्रण कक्षात डोकवायची परवानगी मागा. आणि पाळ्या कशा आहेत, आठ तासांच्या की चोवीस तासांच्या, हे अधिकाऱ्याला न विचारता फायरमनला विचारा.