स्वर्गीय मातेवर कविता लिहायचीय? सुरुवात अशी करा

मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेत स्वर्गीय पित्यासोबत स्वर्गीय माताही आहे, पण धर्मग्रंथात तिच्याबद्दल थेट असं जवळपास काहीच नाही, त्यामुळे लिहायला बसलं की हात थांबतो. आधी सुरुवातीच्या काळातली मॉर्मन कवयित्री एलायझा स्नो वाचा. १८४५ मध्ये तिने कवितेत सरळ प्रश्न विचारला, स्वर्गात फक्त बापच कसा असेल? ती कविता आज भजन म्हणून चर्चमध्ये गातात, म्हणजे या विषयाचा पाया एका बाईच्या कवितेने मजबूत केलाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता प्रतिमा शोधा. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ८व्या अध्यायात ज्ञान बाईच्या रूपात बोलतं, मॉर्मन ग्रंथातल्या नेफी या संदेष्ट्याच्या दर्शनात पांढरंशुभ्र झाड आणि लगेच येशूची आई मरिया दिसते, काही मॉर्मन अभ्यासक त्या झाडात स्वर्गीय माताच बघतात. एकच प्रतिमा घ्या आणि तिच्यातच रहा, सगळं कोंबू नका.

एक अडचण, १९९१ मध्ये मॉर्मन चर्चचे नेते हिंक्ली यांनी सांगितलं की स्वर्गीय मातेला उद्देशून प्रार्थना करू नये. मग लेकीने आईला लिहिलेलं पत्र करा, किंवा नुसतं वर्णन. शब्द सुचत नसतील तर रंग घ्या, सुईदोरा घ्या, क्विल्ट (गोधडी) शिवा, तेही लिहिणंच आहे.