१८०० नंतरची अमेरिका वाचायची तर असईपासून सुरुवात करा

स्पर्धा परीक्षेला इतिहास वैकल्पिक घेतलेल्या मुलांचं अमेरिकेपुरतं एक ठरलेलं गणित असतं: स्वातंत्र्ययुद्ध, राज्यघटना आणि तिथून थेट लिंकन. यूपीएससीच्या अभ्यासक्रमातच मधल्या सत्तर वर्षांचं वेगळं नाव नाही, मग नोट्समध्ये तरी ती कुठून येणार? पण यादवी युद्धावर उत्तर लिहायला बसलं की गुलामगिरीचं भांडण आभाळातून पडल्यासारखं मांडलं जातं. म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी सांगतो, १८०३ ते १८२३ ही वीस वर्षं आधी पक्की करा. फक्त अमेरिका एका वहीत आणि युरोप दुसऱ्या वहीत, असं करू नका.

सुरुवात ओळखीच्या माणसापासून करावी. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पुढे वेलिंग्टन झाल्यावर हाच माणूस अमेरिकेच्या तहाच्या भानगडीतही भेटतो, तेव्हा त्याला सोडू नका.

वहीचं पान आडवं धरून १८०३ साठी चार रकाने पाडा: भारत, युरोप, अमेरिका आणि कॅरिबियन. चौथा रकाना बहुतेक जण पाडतच नाहीत, आणि मग लुईझियाना खरेदीचं, म्हणजे अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मोठ्या मुलखाच्या व्यवहाराचं, कारण सापडत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याला हवं होतं मुख्यतः न्यू ऑर्लिन्स बंदर, कारण मिसिसिपीच्या खोऱ्यातला माल तिथूनच बाहेर पडायचा. ११ एप्रिल १८०३ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँने अमेरिकन वकील लिव्हिंग्स्टनला विचारलं, सगळाच प्रदेश घ्यायचा झाला तर काय द्याल? नेपोलियन एकाएकी एवढा उदार का झाला? इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटणार होतं, पैसा हवा होता, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं हैतीत आहे. साखर पिकवणाऱ्या या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी उठाव केला होता. तो मोडायला नेपोलियनचा मेहुणा लक्लेर फौज घेऊन गेला. उठावाचा नेता तूसाँ लुव्हेर्त्यूरला त्याने पकडून फ्रान्सला धाडलं खरं, पण पिवळ्या तापाने फौज आणि खुद्द लक्लेर, दोघांनाही संपवलं. साखरेचं बेटच हातचं चाललं, तर त्याला रसद पुरवण्यासाठी ठेवलेला लुईझियाना घेऊन करायचं काय?

व्यवहार ठरला दीड कोटी डॉलरला, सुमारे ८,२८,००० चौरस मैलांसाठी. अमेरिकेचे रोखे विकून पैसा उभा केला ॲमस्टरडॅमच्या होप आणि लंडनच्या बेअरिंग या पेढ्यांनी. म्हणजे इंग्लंडशी लढायचा पैसा नेपोलियनला लंडनच्या पेढीने मिळवून दिला! नकाशात मात्र आजचं लुईझियाना राज्य रंगवून मोकळे होऊ नका. आजच्या १५ राज्यांचा कमीअधिक भाग त्यात येतो. आणि तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना कुणी विचारलं नव्हतं, हे एक वाक्य उत्तरात असायलाच हवं.

१८१२ च्या युद्धासाठी माझी पद्धत वेगळी आहे. प्रत्येक तारखेपुढे बातमी समुद्रापलीकडे पोचली होती का, ते लिहायचं. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरचे खलाशी जबरदस्तीने उचलून नेत होतं आणि व्यापारावर निर्बंध घालत होतं, म्हणून अमेरिकेने १८ जून १८१२ ला युद्ध पुकारलं. हे निर्बंध लंडनने २३ जूनला उठवले. पाच दिवसांचा फरक, पण जहाजाला अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत. २४ जूनला नेपोलियनची फौज नीमन नदी ओलांडून रशियात शिरू लागली, त्यामुळे लंडनचं लक्ष तसंही युरोपात होतं. गंमत अशी की स्पेनमध्ये वेलिंग्टनच्या सैन्याला युद्ध सुरू झाल्यावरही अमेरिकेचं पीठ मिळत होतं, तेही ब्रिटिश परवान्याने.

नोव्हेंबर १८१४ मध्ये कॅनडातली कमान घेण्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा याच वेलिंग्टनने सरकारला लिहून कळवलं की कॅनडा-अमेरिका सरहद्दीवरच्या सरोवरांवर ताबा नसताना मुलूख मागायचा हक्क पोचत नाही. २४ डिसेंबरला घेंटचा तह झाला आणि सरहद्द होती तिथेच राहिली. ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत वेलिंग्टनचा मेहुणा पॅकनहॅम मारला गेला. तहाची बातमी तोवर आलीच नव्हती. ‘युद्ध संपल्यावर झालेली लढाई’ असं सर्रास लिहिलं जातं, ते जरा जपून लिहा. तह लागू व्हायला दोन्हीकडची मंजुरी लागणार होती आणि अमेरिकन सिनेटची मिळाली १६ फेब्रुवारीला.

तहाचा मूळ मजकूर तर वाचाच, इंटरनेटवर फुकट मिळतो. मंजुरीनंतर किती दिवसांपुढे समुद्रावर पकडलेली जहाजं परत करायची, यासाठी त्यात अंतराप्रमाणे मुदती दिल्या आहेत, दूरच्या भागांसाठी तब्बल १२० दिवस. हे पुस्तकी वाटत असेल तर एचएमएस कॉर्नवॉलिस बघा. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ही युद्धनौका एप्रिल १८१५ च्या अखेरीस यूएसएस हॉर्नेटच्या मागे लागली होती. तोफा समुद्रात फेकून, वजन हलकं करून हॉर्नेट निसटली. तोवर तह मंजूर होऊन दोन महिने उलटले होते.

१८१६ चा ‘उन्हाळा नसलेला’ हंगाम आणि १८१९ ची मंदी एकेका ओळीत आटपा. वेळ द्यायचा तो १८२० च्या मिसुरी तडजोडीला, कारण इथे लुईझियानाचं बिल वसुलीला येतं. विकत घेतलेल्या मुलखात गुलामगिरी चालणार की नाही? मिसुरीला गुलामगिरीसह आणि मेनला तिच्याविना राज्य करून सिनेटमधला तोल राखला; खरेदीच्या उरलेल्या प्रदेशात ३६°३०′ च्या उत्तरेला गुलामगिरी बंद. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्याने मनाई होती, तरी सरकी काढणारं यंत्र आणि इंग्लंडच्या गिरण्यांची भूक यामुळे कापसाचे मळे आणि गुलाम दोन्ही वाढतच होते. ही साखळी कारणांसकट लिहिता आली पाहिजे.

राहिला अध्यक्ष मन्रोने २ डिसेंबर १८२३ ला मांडलेला मन्रो सिद्धान्त. युरोपने अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत, हे वाक्य सगळेच लिहितात. त्या वेळी ते पाळायला लावण्याइतकं आरमार अमेरिकेकडे नव्हतं, हे फार थोडे लिहितात. बोलिव्हार आणि सान मार्तिन यांच्या लढ्यांतून सुटत चाललेल्या स्पॅनिश वसाहतींशी व्यापार इंग्लंडलाही हवा होता. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅनिंगने संयुक्त घोषणेचा प्रस्ताव ठेवला होता. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री ॲडम्सने आग्रह धरून एकट्याची घोषणा करवली. उत्तरात मन्रोच्या शेजारी या दोघांची नावं आणि ब्रिटिश आरमार येऊ द्या. लॅटिन अमेरिकेवर वेगळा प्रश्न आला तरी हाच परिच्छेद थोडा फिरवून चालतो.