कॉइलवर आळ घेण्याआधी

वीस मिनिटं गाडी झकास चालते, मग आचके देत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. पॉइंटवाल्या (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या गाडीची ही रड ऐकली की जो तो कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी १२ व्होल्टचे हजारो करणाऱ्या डब्याकडे, बोट दाखवतो. मीही दाखवलं होतं. नवी कॉइल घातली, गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा अडली. दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरचा जाळ रोखणाऱ्या छोट्या डबीचा, निघाला. आता मीटर लावल्याशिवाय मी कॉइलला हात लावत नाही.

किल्ली बंद करून कॉइलच्या तिन्ही वायरी सोडा. मीटर सगळ्यात खालच्या ओहम रेंजवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल तो पुढे वजा करायचा. मग दोन छोट्या टर्मिनलमध्ये मोजा. १२ व्होल्टची साधी कॉइल ३ ओहमच्या आसपास दाखवते, बॅलास्टवाली (जिच्या वाटेत वेगळा रोध जोडलेला असतो ती) दीडच्या. इथेच घोळ होतो. दीड दिसलं की ‘शॉर्ट झाली’ म्हणून चांगली कॉइल भंगारात जाते. आधी गाडीत बॅलास्ट आहे का ते बघा. नंतर मीटर किलो-ओहमच्या रेंजवर घेऊन मधल्या बुरुजापासून (जिथे जाड वायर बसते) एका छोट्या टर्मिनलपर्यंत: ५ ते १२ हजार ओहम चालतील. आकडाच आला नाही तर आतली तार तुटलीय.

हे सगळं गाडी अडल्या अडल्या, कॉइल हाताला चटका देत असताना पुन्हा करा. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतोच. ३ चे साडेतीन झाले तर घाबरू नका.

पण मीटर काही व्होल्टांवर मोजतो, कॉइल काम करते हजारोंवर. इन्सुलेशन फुटलेलं त्याला दिसत नाही. म्हणून सोडलेल्या वायरी परत जोडा, डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीतून मधली जाड वायर उपटा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून ६ मिलिमीटरवर धरा (कार्बोरेटरपासून लांब!) आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. वायर नुसती लोंबकळत ठेवू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच काढते.

ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर टोपी काढून पॉइंटकडे बघा. स्टार्टर मारल्यावर पॉइंट उघडताना तिथे मोठा जाळ दिसला तर जुना कंडेन्सर सोडा, चालू असलेला एखादा तात्पुरता लावा: अंग अर्थला, वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला. ठिणगी निळी झाली की कॉइल जागेवर राहू द्या.